यतीमाची मालमत्ता आणि वलीचा हिशोब : इस्लामी कायदा नेमके काय सांगतो?

दर्यावर्दी (धागाकर्ते)

इस्लाममध्ये अनाथांविषयी काय सांगितले आहे, हा विषय निघाला की बोलणे बहुधा दयेवर येऊन थांबते. अनाथाचा सांभाळ करणारा आणि मी स्वर्गात असे जवळ असू, असे म्हणताना पैगंबरांनी तर्जनी आणि मधले बोट दाखवले, ही बुखारींच्या संग्रहातील हदीस जुम्याच्या प्रवचनात अनेकांनी ऐकली असेल. तिच्यामुळे कितीतरी पोरक्या मुलांना नातेवाइकांच्या घरी मायेने वाढवले गेले, हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु कुराणातील या विषयाच्या आयती एकापाठोपाठ वाचल्या की जाणवते की तिथे सर्वांत बारकाईने जे मांडले आहे ते मुलाच्या मालमत्तेविषयी आहे. ती कोणी सांभाळावी, तिला हात कधी लावू नये, ती परत कधी द्यावी आणि देताना काय करावे, हे सर्व तिथे स्पष्ट आहे. आपण माया लक्षात ठेवली आणि हिशोब विसरलो, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि म्हणून हा धागा काढत आहे.

शरियतच्या दृष्टीने यतीम म्हणजे वयात येण्यापूर्वी ज्याचे वडील वारले ते मूल. आई हयात असली तरी ते यतीमच. त्या समाजात मुलाच्या पोटगीची जबाबदारी आणि त्याच्या मालमत्तेची व्यवस्था या दोन्ही गोष्टी वडिलांकडे असत. ते गेले की मालमत्ता मागे राहते, पण तिचा राखणदार राहत नाही, आणि ती आपसूक चुलत्याच्या किंवा थोरल्या सावत्र भावाच्या हाती जाते. इ.स. ६२५ मधील उहुदच्या लढाईत सत्तरच्या आसपास मुसलमान मारले गेले, तेव्हा मदिनेत हा प्रश्न एकदम अनेक घरांत उभा राहिला. सूरह निसाच्या सुरुवातीच्या आयतींचा संबंध परंपरेने त्याच काळाशी जोडला जातो.

त्या सूरहच्या दुसऱ्या आयतीत सांगितले आहे की अनाथांचा माल त्यांना द्या, त्यांच्या चांगल्या वस्तूच्या जागी तुमची वाईट वस्तू ठेवू नका आणि त्यांचा माल तुमच्या मालात मिसळून खाऊ नका. सहाव्या आयतीत तर एखाद्या कायद्याच्या कलमासारखी पूर्ण रीत घालून दिली आहे. विवाहाच्या वयापर्यंत मुलाची पारख करत राहा. त्याच्यात व्यवहाराची समज दिसली की माल त्याच्या स्वाधीन करा. तो मोठा होईल या भीतीने घाईघाईने उधळून खाऊ नका. वली, म्हणजे मुलाच्या मालमत्तेचा राखणदार, सधन असेल तर त्याने काहीही घेऊ नये आणि गरीब असेल तर रीतीप्रमाणे वाजवी तेवढेच घ्यावे. आणि माल परत देताना साक्षीदार ठेवा. दहाव्या आयतीत म्हटले आहे की जे अनाथांचा माल अन्यायाने खातात, ते आपल्या पोटात आगच भरतात. सर्वनाश करणाऱ्या ज्या सात पापांची यादी हदीसमध्ये आली आहे, तिच्यात शिर्क (अल्लाहशी दुसऱ्या कोणाला भागीदार मानणे), जादूटोणा, खून आणि व्याज यांच्या रांगेत अनाथाचा माल खाणे हेही आहे.

या इशाऱ्यांचा परिणाम किती झाला, याची एक हकीकत इब्न अब्बास यांच्या हवाल्याने अबू दाऊद यांनी नोंदवली आहे. ज्यांच्या घरी अनाथ मुले होती ते लोक इतके धास्तावले की त्यांनी मुलांचे अन्नपाणी आपल्यापासून वेगळे केले. मुलाने खाऊन उरलेले अन्न त्याच्यासाठीच झाकून ठेवले जाई, दुसरे कोणी त्याला हात लावत नसे, आणि शेवटी ते नासून जाई. लोकांना ते जड जाऊ लागले. मग सूरह बकरहची २२० वी आयत आली, की त्यांच्या हिताची व्यवस्था करणे उत्तम, आणि तुम्ही त्यांच्यासोबत एकत्र राहिलात तर ते तुमचे भाऊच आहेत. बिघडवणारा कोण आणि सुधारणारा कोण, हे अल्लाह जाणतो. एका घरात, एका चुलीवर राहण्याची मुभा मिळाली, पण कोणाचे किती याची जबाबदारी उठली नाही.

आता आपल्याकडची एक नेहमीची परिस्थिती घेऊ. रत्नागिरी किंवा रायगड जिल्ह्यातील एखादा तरुण कुवेतला किंवा सौदीला नोकरी करताना वारतो. मागे आई, वडील, बायको, एक मुलगा आणि एक मुलगी. थकलेला पगार, साठवलेले पैसे वगैरे मिळून, कर्ज आणि मेहर फेडल्यावर, समजा २४ लाख रुपये उरले. फराइजच्या, म्हणजे इस्लामी वारसा-हिश्शांच्या, नियमाने बायकोला आठवा हिस्सा म्हणजे ३ लाख, वडिलांना सहावा म्हणजे ४ लाख, आईला तेवढेच ४ लाख, आणि उरलेले १३ लाख दोन मुलांचे, मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे अर्ध्याहून जास्त रक्कम अशा दोघांची आहे ज्यांना सही करता येत नाही. मुखत्यारपत्र मात्र घरातील एखाद्या मोठ्या पुरुषाच्या नावाने होते, पैसे त्याच्या खात्यात येतात, घराची डागडुजी होते, कोणाचे तरी लग्न होते, आणि काही वर्षांनी त्या १३ लाखांविषयी विचारणे हाच उद्धटपणा ठरतो. जिथे असे घडते, तिथे त्या मुलांना कोणी उपाशी ठेवलेले नसते आणि सणाला कपडेही मिळतात. तरीही सहावी आयत तिथे मोडलेली असते.

या बाबतीत आपले अनुभव आणि कायद्याची माहिती असणाऱ्यांनी जरूर लिहावे.

शमा

धागा वाचून बरे वाटले, कारण हा विषय कोणी सहसा उघडपणे काढत नाही. मी सोलापुरात विधवा महिलांना अर्ज, दाखले यांसाठी मदत करते. त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, की मूल माझ्याजवळ आहे, मी त्याला वाढवते आहे, मग त्याच्या नावाच्या जागेच्या कागदावर सही करण्याचा अधिकार मला का नाही? दिराने सांगितले की शरियतमध्ये आई वली होऊ शकत नाही, म्हणजे विषय संपला, असे त्या समजून चालतात.

माझ्या समजुतीप्रमाणे मुलाचा ताबा, म्हणजे हिजानत, आईकडे असते. हनफी या सुन्नी कायदेपंथाच्या मतानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. परंतु मालमत्तेवरील विलायत, म्हणजे वली म्हणून अधिकार, ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा क्रम वेगळा आहे. मात्र त्या क्रमात दीर किंवा चुलता तरी कुठे येतो, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

आणखी एक सांगावेसे वाटते. सूरह निसाची तिसरी आयत आपल्याकडे चार लग्नांची परवानगी म्हणूनच उद्धृत होते. पण तिची सुरुवात अनाथ मुलींना न्याय देऊ शकणार नाही अशी भीती वाटत असेल तर, अशी आहे. उरवा यांनी त्याविषयी आपल्या मावशी, पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांना विचारले, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर बुखारींनी नोंदवले आहे. एखाद्या वलीच्या घरी अनाथ मुलगी असते, तिचा मालमत्तेत हिस्सा असतो, तिचे रूप आणि धन पाहून तो तिच्याशी लग्न करू पाहतो, पण बाहेरच्या माणसाने दिला असता तेवढा मेहर द्यायला तयार नसतो. अशा वलींना या आयतीने मनाई केली, की तिला पूर्ण मेहर देत नसाल तर दुसऱ्या स्त्रियांशी लग्न करा. म्हणजे जिचा बचाव करण्यासाठी आयत आली, ती अनाथ मुलगी चर्चेतून पूर्ण गायब झाली आहे. मला याचे फार वाईट वाटते.

सनद

शमाताई, आपला प्रश्न अगदी नेमका आहे. मी दिवाणी न्यायालयात वकिली करतो, म्हणून भारतात आज जे लागू आहे तेवढेच सांगतो.

हनफी कायद्यात अज्ञानाच्या, म्हणजे सज्ञान न झालेल्या मुलाच्या, मालमत्तेचे वली क्रमाने असे : वडील, वडिलांनी मृत्युपत्राने नेमलेला वसी (व्यवस्थापक), आजोबा म्हणजे वडिलांचे वडील, आजोबांनी नेमलेला वसी, आणि त्यानंतर काझी किंवा त्याने नेमलेली व्यक्ती. काझीची ती जागा आपल्याकडे जिल्हा न्यायालयाने घेतली आहे. या क्रमात चुलता नाही, भाऊ नाही आणि आईही नाही. दिराने आईला जे सांगितले ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे हे, की तो स्वतःही वली नाही. जो नातेवाईक केवळ मालमत्ता हाती आहे म्हणून व्यवहार करतो, त्याला मुलाची स्थावर मिळकत विकण्याचा कोणताही अधिकार नाही. १९१८ मध्ये इमामबंदी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने आईने केलेली अशी विक्री निरर्थक ठरवली, आणि १९५२ मध्ये महंमद अमीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भावाने अज्ञानाच्या वतीने केलेल्या कौटुंबिक तडजोडीच्या दस्तालाही तोच नियम लावला. हे निकाल आईला अडचणीचे वाटतात, पण चुलत्याच्या विक्रीविरुद्धही तेच उपयोगी पडतात.

कायदेशीर वलीलाही मोकळे रान नाही. जंगम वस्तू तो मुलाच्या अन्नवस्त्रासारख्या गरजांसाठी विकू शकतो. स्थावर मिळकत मात्र ठरावीक कारणांनीच विकता येते : दुप्पट किंमत मिळत असेल, मुलाच्या पोटापाण्याला दुसरे काहीच नसेल, मयताचे कर्ज किंवा मृत्युपत्रातील देणे फेडायचे असेल, मिळकतीचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त असेल, ती मोडकळीस येत असेल, किंवा कोणी बळकावली असून परत मिळण्याची आशा नसेल. यातील दुप्पट किमतीची अट मला फार बोलकी वाटते. बाजारभावाने विकणेसुद्धा फकीहांना, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांना, पुरेसे वाटले नाही.

आईसाठी दोन वाटा आहेत. पहिली वाट नवऱ्याच्या हयातीतली. तो मृत्युपत्र करून बायकोला वसी नेमू शकतो, आणि हनफी क्रमात वडिलांनी नेमलेला वसी आजोबांच्याही आधी येतो. म्हणजे एका कागदाने ती मुलांच्या मालमत्तेची कायदेशीर वली होते. ज्याच्याकडे मृत्युपत्र करण्याजोगे काही आहे अशा मुसलमानाने ते लिहून जवळ ठेवल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत, ही हदीस सर्वांना ठाऊक असते. त्या कागदात वसीचे नाव घालायला मात्र कोणी सांगत नाही. दुसरी वाट १८९० च्या पालक व पाल्य कायद्याची. मूल जिथे नेहमी राहते तेथील जिल्हा न्यायालयात आई अर्ज करू शकते. अर्जात मुलाची मिळकत, जवळचे नातेवाईक आणि त्यांचे पत्ते द्यावे लागतात, नातेवाइकांना नोटिसा जातात, आणि न्यायालय मुलाचे हित पाहून पालक नेमते. शरियतच्या क्रमात आई नाही एवढ्याच कारणाने तिला न्यायालय नाकारत नाही. नेमणुकीनंतर न्यायालयाने फर्मावल्यास सहा महिन्यांच्या आत मिळकतीची यादी द्यावी लागते, सांगितले जातील तेव्हा हिशोब द्यावे लागतात, आणि परवानगीशिवाय मिळकत विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. नीट पाहिले तर सहाव्या आयतीतली साक्षीदाराची कल्पना इथे न्यायालयाच्या रूपाने आली आहे.

एक खुलासा करतो. शरियतमध्ये माल ताब्यात देण्याचे वय समज येण्यावर अवलंबून आहे. समज आली नाही तरी पंचविसाव्या वर्षी द्यावाच, असे इमाम अबू हनीफा यांचे मत होते आणि त्यांच्या दोन प्रमुख शिष्यांना ते मान्य नव्हते. भारतात मालमत्तेपुरते १८ वर्षे हे वय सर्वांना लागू आहे.

अनवट

चर्चा चांगली चालली आहे, पण सर्वांत अवघड मुद्द्याला अजून कोणी हात घातलेला नाही. बापाची मालमत्ता असेल तर ती राखण्याचे इतके नियम आहेत. पण बाप आजोबांच्या आधी वारला तर मुलाला आजोबांच्या मालमत्तेत काहीच मिळत नाही. आजोबांचा एकही मुलगा हयात असेल तर आधी वारलेल्या मुलाची मुले वारसाहक्कातून बाद होतात. आमच्या नात्यात हे घडले आहे. दोन भावांनी मिळून दुकान उभे केले, ते वडिलांच्या नावावर होते. धाकटा भाऊ अपघातात गेला, दोन वर्षांत वडीलही गेले, आणि दुकान पूर्णपणे थोरल्याकडे आले. धाकट्याची मुले आज त्याच दुकानात पगारावर काम करतात. अनाथांच्या बाजूने एवढे बोलणाऱ्या कायद्यात हे कसे बसते? मला हे उत्तर नको आहे की यामागे काही तरी हिकमत असेल. मी स्वतः नमाजी माणूस आहे आणि मला हा प्रश्न छळतो.

दर्यावर्दी

अनवट, आपला प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही.

जवळचा वारस दूरच्याला वगळतो, हा फराइजचा नियम आहे. मुलगा हयात असता नातवाला वारसा नाही, हे मत बुखारींनी जैद बिन साबित यांच्या नावाने नोंदवले आहे. परंतु त्याच कायद्यात अशा नातवासाठी दार उघडे ठेवलेले आहे. वारसाला मृत्युपत्राने काही द्यायचे तर इतर वारसांची संमती लागते. नातू इथे वारस नसल्यामुळे आजोबा त्याला एक तृतीयांश मर्यादेत कोणालाही न विचारता देऊ शकतात. हयातीत हिबा करून, म्हणजे बक्षीस देऊन प्रत्यक्ष ताबा दिला, तर ही मर्यादाही आड येत नाही. शिवाय नातवाकडे स्वतःचे काही नसेल तर आजोबा हयात असेपर्यंत त्याच्या पोटगीची जबाबदारी त्यांच्यावर येते. म्हणजे आपल्या नात्यातील आजोबांच्या हाती दोन वर्षे होती. कोणी मौलवीने, वकिलाने किंवा घरातल्या मोठ्या माणसाने त्यांना हे सांगितले होते का, असा प्रश्न मला पडतो.

पण आजोबांच्या मर्जीवर सोडून भागत नाही, हे मुस्लिम देशांनीही ओळखले. इजिप्तने १९४६ च्या ७१ क्रमांकाच्या कायद्याने ठरवले की आजोबांनी मृत्युपत्र केले नसले तरी ते केले आहे असे मानून, आधी वारलेल्या अपत्याच्या मुलांना त्या अपत्याचा हिस्सा एक तृतीयांशाच्या मर्यादेत द्यावा. त्यासाठी आधार घेतला तो आईवडिलांसाठी आणि जवळच्या नातलगांसाठी वसीयत करण्यास सांगणाऱ्या सूरह बकरहच्या १८० व्या आयतीचा, आणि इब्न हज्म यांच्या मताचा. त्यानंतर सीरिया, ट्युनिशिया आणि मोरोक्को यांनी आपापल्या फरकाने हीच वाट धरली. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशात आणखी पुढे जाऊन अशा नातवंडांना त्यांच्या आईवडिलांचा पूर्ण वाटा दिला, आणि बांगलादेशातही तीच तरतूद चालत आली. त्यावर तिथल्या उलेमांचे आक्षेप आहेत. माझे स्वतःचे मत विचाराल तर इजिप्तचा तोडगा मला पटतो, कारण तो फराइजचे हिस्से तसेच ठेवून वसीयतीच्या भागातून मुलांना देतो. भारतात असा कोणताही कायदा झालेला नाही.

सनद

वरील मुद्द्याला एक जोड देतो, जी कोकणपट्टीतल्या वाचकांना जवळची वाटेल. १९३७ चा शरियत कायदा गोव्यात लागू नाही. तिथल्या मुसलमानांना पोर्तुगीज दिवाणी संहितेतून आलेला समान कायदाच लागू होतो, आणि वारशाच्या तरतुदी आता गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यात आहेत. त्यात आधी वारलेल्या मुलाच्या जागी त्याची मुले उभी राहतात, आणि मालमत्तेचा अर्धा भाग सक्तीच्या वारसांसाठी राखीव असल्यामुळे तो मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. बांदा आणि पेडणे यांच्यामध्ये राज्याची एक सीमा आहे. तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या अनाथ नातवाला एकाच मजहबचे असूनही वेगवेगळे मिळते.

पैलतीर

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे आखातात आहे. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि तो आमच्या घरचा आहे. आम्हाला मूल नाही. बायकोच्या नात्यातील एक पोरकी मुलगी आम्ही लहानपणापासून वाढवत आहोत. इस्लाममध्ये दत्तक नाही, असे एकीकडून ऐकतो; कायद्याने घेता येते, असे दुसरीकडून. शाळेत तिच्या नावापुढे माझे नाव लावावे, असे बायकोला फार वाटते. मुलगी मोठी झाली की पडद्याचा प्रश्न येईल, असेही नातेवाईक बजावतात. आम्ही चुकीचे तर करत नाही ना, ही टोचणी लागून राहिली आहे.

जुना कागद

पैलतीर, आपण करत आहात त्याला कफाला म्हणतात, आणि ते चुकीचे मुळीच नाही. धाग्याच्या सुरुवातीला दिलेली दोन बोटांची हदीस ज्यांच्याविषयी आहे ते आपणच. मनाई आहे ती मुलाचे मूळ पितृत्व पुसून टाकण्याला. सूरह अहजाबच्या पाचव्या आयतीत त्यांना त्यांच्या बापांच्या नावाने हाक मारा, असे सांगितले आहे, आणि बाप माहीत नसतील तर ते तुमचे धर्मबंधू आहेत, असे पुढे म्हटले आहे. त्या वेळेपर्यंत पैगंबरांनी मुलाप्रमाणे वाढवलेल्या जैद यांना लोक मुहंमदांचा मुलगा म्हणत. नंतर ते पुन्हा हारिसाचा मुलगा जैद म्हणून ओळखले जाऊ लागले. माया कमी झाली नाही; हा बदल नसबेपुरता, म्हणजे वंशाच्या ओळखीपुरता, होता. अनाथ मुलीच्या बाबतीत मला यात तिचा फायदाही दिसतो. तिचे मूळ नाव कायम राहिले तर तिच्या बापाकडून येणारा वारसा कोणी नाकारू शकत नाही.

कफालाला अल्जीरियाने १९८४ च्या कुटुंब संहितेत आणि मोरोक्कोने २००२ च्या स्वतंत्र कायद्यात जागा दिली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात २० व्या कलमात पर्यायी संगोपनाच्या प्रकारांमध्ये इस्लामी कायद्यातील कफालाचा नावाने उल्लेख आहे. ट्युनिशियाने मात्र १९५८ मध्येच पूर्ण दत्तकाला मान्यता दिली.

पडद्याच्या प्रश्नावर फकीहांनी दुधाच्या नात्याचा मार्ग सांगितला आहे. मूल दोन वर्षांच्या आत असताना घरातील स्त्रीने त्याला स्तनपान केले तर ते मूल त्या घराला महरम होते, म्हणजे ज्याच्याशी लग्न होऊ शकत नाही आणि पडदाही लागत नाही असे जवळचे नाते तयार होते. हनफी मतानुसार एकदा पाजणेही पुरते, तर शाफई मतानुसार पाच वेळा लागते. वय उलटून गेले असेल तर हा मार्ग राहत नाही, आणि मग मुलगी मोठी झाल्यावर घरातल्या वावराची मर्यादा ठेवणे एवढेच राहते. ते अवघड असले तरी अशक्य नाही. एकत्र कुटुंबांत चुलत-आते-मामे भावंडे ती मर्यादा पाळतच आलेली आहेत.

सनद

पैलतीर यांच्या प्रश्नाची कायदेशीर बाजू सांगतो. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा मुसलमानांना लागू नाही. परंतु बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये शबनम हाश्मी खटल्यात स्पष्ट केले. न्यायालयाने हेही सांगितले की हा कायदा ऐच्छिक आहे. ज्याला आपल्या धर्मनियमांप्रमाणे राहायचे आहे त्याच्यावर तो लादलेला नाही. दत्तक हा मूलभूत हक्क जाहीर करावा, ही मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही. त्यामुळे दोन्ही वाटा खुल्या आहेत. कायदेशीर दत्तक घ्यायचे तर केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फत जावे लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. कफालाच्या चौकटीत राहायचे असेल तर जिल्हा न्यायालयाकडून आपली पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी, म्हणजे शाळा, पासपोर्ट, दवाखाना कुठेही अडचण येणार नाही. मुलीला वारसाहक्क नाही ही चिंता असेल तर आजच तिच्या नावे हिबा करून ताबा द्यावा आणि एक तृतीयांशाच्या आत मृत्युपत्रही करावे. नंतर करू म्हणून राहिलेल्या कागदांमुळे झालेले नुकसान मी फार वेळा पाहिले आहे.

जुना कागद

मूळ विषयाकडे, म्हणजे हिशोबाकडे, थोडे परत येतो. काझीने अनाथांच्या मालमत्तेवर नजर ठेवावी, हे पुस्तकातच राहिले नव्हते. ममलूक काळातील कैरोत न्यायालयाच्या देखरेखीखाली अनाथांच्या ठेवींचे कोठार असे, आणि मुले मोठी होईपर्यंत त्यांचा पैसा तिथे राही. सत्ताधाऱ्यांची नजर त्या पैशांवर पडे, हेही खरे. मोहिमांच्या खर्चासाठी त्यातून रकमा उचलल्याच्या नोंदी आहेत. उस्मानी साम्राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अनाथांच्या निधीसाठी स्वतंत्र सरकारी खाते उभे राहिले आणि जागोजागच्या निधींतून कर्जे देऊन मुलांची रक्कम वाढवली जाऊ लागली. तुर्की प्रजासत्ताकाने १९२६ मध्ये जी स्थावर कर्जाची बँक काढली, तिच्या नावात एयताम म्हणजे अनाथ हा शब्द होता.

रक्कम नुसती ठेवून देऊ नये, हा विचारही जुना आहे. अनाथांच्या मालाने व्यापार करा, नाही तर जकात तो खाऊन टाकील, असे हजरत उमर यांचे वचन इमाम मालिक यांच्या मुवत्ता या हदीस-संग्रहामध्ये आहे. हजरत आयशाही आपल्याकडील अनाथांचा पैसा व्यापारासाठी देत असत, अशी नोंद तिथेच आहे. अनाथाच्या मालावर जकात आहे की नाही, यावर मतभेद आहे. मालिक, शाफई आणि अहमद आहे म्हणतात, हनफी नाही म्हणतात.

कैरोत आजही उभी असलेली सबील-कुत्ताब पाहिली की याची दुसरी बाजू दिसते. खाली वाटसरूंना पाणी देण्याची जागा आणि वर अनाथ मुलांची शाळा. सुलतान कायतबायची १४७९ ची आहे, अब्द अल-रहमान कतखुदाची १७४४ ची. अशा वक्फांच्या दस्तांत मुलांना कपडे, जेवण आणि हातखर्च किती द्यायचा, हे लिहिलेले असे. दान देणाऱ्याने रक्कम लिहून ठेवल्यामुळे व्यवस्थापकाच्या मर्जीला वाव कमी राही.

शमा

सनद यांनी सांगितलेला मृत्युपत्राचा मार्ग मी आता प्रत्येक बैठकीत सांगणार आहे. एक व्यावहारिक शंका उरते. समजा घरात कोणालाही न्यायालयात जायचे नाही, नाती तोडायची नाहीत, आणि चुलता खरोखर सज्जन आहे. मग त्याने काय करावे? बहुतेक घरांत परिस्थिती अशीच असते.

दर्यावर्दी

शमाताई, याचे उत्तर मी पाहिलेल्या एका वहीवरून देतो. श्रीवर्धनजवळच्या एका गावात एका गृहस्थांकडे वारलेल्या भावाच्या मुलाची सुपारीची वाडी होती. वडिलांनी मरताना तोंडी वसी नेमल्याचे सांगितले जाई, कागद नव्हता. त्यांनी लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची वही केली होती. डाव्या पानावर दर हंगामात निघालेली सुपारी किती मण, कोणत्या व्यापाऱ्याला, कोणत्या भावाने. उजव्या पानावर शिंपण्याची मजुरी, खत, कुंपण, झाडावर चढणाऱ्याचे पैसे, आणि मुलाच्या शाळेची फी व कपडे. स्वतःसाठी काही घेतले नव्हते. एका वर्षी वादळाने झाडे पडली, तर पडलेल्या झाडांची संख्या आणि त्या लाकडाचे आलेले पैसेही लिहिलेले होते. प्रत्येक वर्षाच्या शेवटी मुलाच्या आईची सही होती. पहिली काही वर्षे अंगठा, नंतर उर्दूत नाव. मुलगा सज्ञान झाल्यावर मशिदीतील दोन वडीलधाऱ्यांसमोर वही, बँकेचे पुस्तक आणि वाडीची चावी त्याच्या हाती दिली गेली, आणि शेवटच्या पानावर चौघांच्या सह्या झाल्या.

म्हणून माझी सूचना अशी आहे. मुलाच्या नावाने बँकेत वेगळे खाते काढावे आणि त्याच्या हिश्शाची रक्कम आली त्याच आठवड्यात तिथे भरावी. सोने असेल तर सोनाराकडून वजन करून यादीवर आईची आणि आजोबांची सही घ्यावी. मुलाचे जेवणखाण घराच्या चुलीवर होऊ द्यावे, त्याचा हिशोब ठेवण्याची गरज नाही, त्याची मुभा कुराणानेच दिली आहे. पण शाळा, औषधपाणी, घरदुरुस्ती यांसाठी त्याच्या रकमेतून काही काढले तर तारखेसह लिहावे. वर्षातून एकदा, रमजानमध्ये आपण आपल्या जकातीचा हिशोब करतो तेव्हाच, ही वही मुलाच्या आईसमोर उघडावी. मूल दहा-बारा वर्षांचे झाले की त्यालाही जवळ बसवावे, कारण पारख करत राहा हे जे सांगितले आहे, त्याची सुरुवात तिथूनच होते. स्थावर मिळकतीला मात्र सज्जन चुलत्यानेही न्यायालयाच्या परवानगीशिवाय हात लावू नये. सनद यांनी सांगितल्याप्रमाणे त्याने केलेली विक्री टिकणार नाही आणि उद्या घेणाराही अडचणीत येईल.

आणि ज्या आईच्या हाती काहीच मालमत्ता नाही, तिला आपण महिला व बालविकास कार्यालयातून बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून द्यालच. एक पालक वारलेली मुलेही त्यात बसतात, हे पुष्कळ घरांना अजून माहीत नाही.